विमानाच्या पोटाचा रंग

यादी केल्याशिवाय मी चहाचं आधणसुद्धा ठेवत नाही, असं आमच्या घरात म्हणतात. ते खरं नाही. चहाला यादी लागत नाही. लग्नाला, बाळंतपणाला, वाळवणाला आणि प्रवासाला लागते. जुन्या कॅलेंडरची पानं मी टाकून देत नाही. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर कामं लिहून कागद स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवते. काम झालं की ओळीवर काट मारायची. सगळ्या ओळींवर काट बसली की कागद चुलीत. त्यामुळे जुन्या याद्या माझ्याजवळ शिल्लक नाहीत. फक्त एक आहे. तिच्यात सव्वीस कामं आहेत आणि पंचवीसांवर काट आहे. अकराव्या ओळीवर नाही. ती यादी विमानाची.

गोष्ट बाहत्तर सालच्या उन्हाळ्यातली. मी पस्तिशीची होते, काष्टीच्या शाळेत शिकवत होते. आमचे हे गावच्या सोसायटीत कारकून. घरात आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. आणि त्या उन्हाळ्यात दीड महिन्याच्या रजेवर आलेले माझे धाकटे दीर. ते हवाई दलात होते. वय एकतीस, लग्न नाही, आणि हिवाळ्यात झालेल्या लढाईवरून सुखरूप परत आलेले. तेव्हा या रजेत त्यांचे दोनाचे चार हात करायचे, हे आत्याबाईंनी त्यांची ट्रंक ओसरीवर टेकायच्या आतच जाहीर करून टाकलं.

आत्याबाईंनी गावभर सांगून ठेवलं होतं की धाकटा विमानं सांभाळतो. कशी सांभाळतो, हे कुणी विचारत नसे. दोन बैल सांभाळताना ज्याच्या नाकी नऊ येतात, त्याला विमानं सांभाळणाऱ्याबद्दल आदरच वाटणार. बाजारात तर कुणीतरी त्यांच्याकडून चार बॉम्बही टाकून घेतले होते. भावजी कुणाचंच म्हणणं खोडून काढत नसत. खोडून काढायचं तर बोलावं लागतं, आणि बोलणं त्यांना फार महागात पडल्यासारखं वाटे. लढाई कशी होती, असं मी विचारलं तर दिवसभर विचार करून संध्याकाळी म्हणाले, “थंडी होती.”

त्यांचं खरं काम मला ठाऊक होतं, कारण मी खोदून खोदून विचारलं होतं. ते विमानांना रंग देत. जुना रंग खरवडायचा, नवा चढवायचा, आणि मग त्यावर हातानं, ब्रशनं, आकडे काढायचे, पंखांवरची तिरंगी गोलं काढायची, जागोजागी बारीक अक्षरांत सूचना लिहायच्या. बारा वर्षं हेच.

तर कोपरगावच्या पुढचं एक स्थळ आलं. कालव्याच्या पाण्याखालची जमीन, ऊस, आणि मुलगी मॅट्रिक. हे आणि भावजी जाऊन मुलगी बघून आले. मला शाळा होती. परत आल्यावर ह्यांनी जे सांगितलं ते असं: पोहे छान होते, मुलगी छान होती, सगळं छान चाललं होतं. मग मुलीच्या वडिलांनी विचारलं, “पाव्हणं, तुमी इमानात काय काम करता?” आणि भावजी म्हणाले, “रंग देतो.”

एवढंच. पुढं काही नाही. ह्यांना ठसका लागला.

आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं. मुलगा रंगारी असल्याचे समजले. आमच्याकडे दिवाळीला घर रंगवायला माणसे येतात, त्यांना आम्ही ओट्यावर चहा देतो. त्यांच्यात मुलगी देण्याचा विचार नाही. तरी राग नसावा.

मला राग आला. आत्याबाईंना तर असा आला की त्यांनी ते कार्ड हातानं न उचलता चिमट्यानं उचलून कोनाड्यात ठेवलं. भावजींनी ते वाचलं, उलटून पत्त्याची बाजूही वाचली आणि विहिरीकडे निघून गेले. परत आले तेव्हा मी भाकरी थापत होते. उंबऱ्याशी टेकून म्हणाले, “वहिनी, त्यांच्या अंगणात रांगोळी होती. मोठं गोल. ठिपका नाही, दोरा नाही. नुसत्या हातानं काढलेलं.”

“बरं,” मी म्हणाले.

“तिनं काढलं होतं म्हणे.”

हे गोल मी त्या आठ दिवसांत तिसऱ्यांदा ऐकत होते. ज्या माणसानं अख्खी लढाई दोन शब्दांत आटोपली, त्याला एका रांगोळीसाठी तीन वेळा तोंड उघडावंसं वाटलं. मला आणखी काही विचारायची गरज नव्हती. तव्यावरची भाकरी उतरवली, कॅलेंडरचं पान घेतलं आणि पहिली ओळ लिहिली: पुन्हा जायचं.

आता नुसतं जाऊन काय सांगणार? बोलणारा माणूस असता तर सांगितलं असतं. शिंप्याला स्थळ दाखवायचं तर त्यानं शिवलेला सदरा दाखवता येतो, सुताराची पेटी दाखवता येते. याचं काम पंजाबात, हवाई तळावर उभं, आणि उडणारं.

मी म्हणाले, “भावजी, लहान करा.”

“काय?”

“विमान. पिशवीतून नेता येईल एवढं करा, आणि असंच्या असं रंगवा. तुम्ही बोलू नका, ते बोलेल.”

जेवण झालं, अंथरुणं पडली, तरी उत्तर नाही. सकाळी दात घासता घासता म्हणाले, “पांगारा लागेल.”

पांगाऱ्याचं लाकूड हलकं असतं आणि चाकूनं लोण्यासारखं कापतं. सुताराकडे एक वाळलेला ओंडका मिळाला. तिकडे ह्यांनी मुलीच्या वडिलांना कार्ड घातलं, की आम्ही शिर्डीला दर्शनाला येत आहोत, तेव्हा तसेच पुढे येऊन अर्धा तास आपल्याकडे टेकू. देवदर्शनाला निघालेल्या माणसाला येऊ नका असं कोण कळवणार? कार्ड मी सांगितलं होतं, हे इथं नमूद करते. हातात सोळा दिवस होते.

भावजींनी माझ्याकडून शाळेचा चौकटीचा कागद मागून घेतला आणि विमान तीन बाजूंनी काढलं: वरून, समोरून, कडेनं. पुस्तक नाही, फोटो नाही. “हात फिरलाय,” म्हणाले. विमान नॅट नावाचं, मुळातच लहानखोर. खऱ्या विमानाच्या एका फुटाला आपला पाऊण इंच असं माप धरलं. त्या मापानं लांबी साडेएकवीस इंच आणि पंखांचा पसारा साडेसोळा. आत्याबाईंनी आपल्या हातानं मोजून बघितलं आणि पाळण्यातल्या लेकराएवढं आहे असं सांगितलं. तेव्हापासून घरात कुणी विमानाला विमान म्हणेना. “त्याला ऊन लागतंय.” “त्याच्यावर धूळ बसतेय.” “त्याला हलवू नका, आत्ताच टेकवलंय.”

घरातल्या वस्तू एकेक करून त्याच्यात जाऊ लागल्या. माझ्या यादीतल्या निम्म्या ओळी त्याच होत्या. चाकांसाठी माझ्या जुन्या काळ्या कोटाची बटणं. पायांसाठी ह्यांच्या छत्रीच्या काड्या; ती छत्री हे जूनशिवाय उघडत नाहीत, तेव्हा बोलणी जूनवर गेली. लाकडातल्या भेगा आणि खाचा बुजवायच्या लांबीसाठी शाळेतली खडूची थोटकं. ती मी तीन वर्गांतून वेचून आणली, पाट्यावर वाटली, आणि भावजींनी जवसाच्या तेलात मळली. वैमानिकाच्या डोक्यावरची काच मात्र अडली. शेवटी आत्याबाईंच्या छातीचा एक्स-रे सापडला. मी तो धुण्याच्या सोड्यात दोन दिवस भिजवून घासला. आत्याबाईंच्या बरगड्या धुऊन निघाल्या आणि खाली स्वच्छ निळसर फिल्म राहिली. भावजींनी ती गरम करून लाकडाच्या ठोकळ्यावर दाबून बसवली.

“माजी छाती पुढं बसवलीय,” आत्याबाई शेजारणीला सांगू लागल्या. “माज्या लेकानं.”

लाकूड घासून गुळगुळीत व्हायला सात दिवस गेले. ते हाताला आधी लाकडासारखं लागलं, मग कातड्यासारखं, मग काचेसारखं. रंगाची पाळी आली तेव्हा भावजींनी घराला नियम घालून दिले. ओला रंग बाहेर असेपर्यंत केर काढायचा नाही. फोडणी द्यायची नाही, कारण तेलाची वाफ रंगावर बसते. शनिवारी ब्रश धरायचा नाही, कारण शनिवारी आमच्या गावचा जनावरांचा बाजार. हजारो खुरांची धूळ दुपारनंतर घराघरांत शिरते. तीन दिवस आम्ही बिनफोडणीची आमटी खाल्ली. ह्यांनी एकदाच विचारलं की लढाईत तरी एवढं सोसावं लागलं होतं का. भावजी म्हणाले, “जेवण बरं होतं.”

रंगाचे डबे मी नगरहून आणवले. केशरी, पांढरा, हिरवा मिळाला. चंदेरी ॲल्युमिनियमचा मात्र दुकानात एकच शेवटचा डबा होता, चहाच्या कपाएवढा. पुन्हा नगरला जाऊन दुकानं पालथी घालायला वेळ नव्हता. तेव्हा मी हिशेब मांडला. वरची बाजू, दोन्ही कडा, शेपूट, प्रत्येकी दोन हात. एवढं करून पाव डबा उरतो. तो डागडुजीला राखून ठेवायचा. पोटाला पुरत नाही. विमान लाकडाच्या ठोकळ्यावर, तारेच्या टेकूवर बसणार. पोट खाली. मी अकरावी ओळ लिहिली: पोट तसंच ठेवणे.

भावजींनी यादी वाचली आणि मान डोलावली. मान डोलावली म्हणजे पटलं, असं मी धरून चालले.

ते रंगवायला बसत तेव्हा बघण्यासारखं असे. ओसरीच्या कोपऱ्यात मांडी घालून, डावं मनगट गुडघ्यावर, त्या मनगटावर उजवं मनगट. मोठा ब्रश संपला की ट्रंकेतून एक कापडी गुंडाळी निघे. तिच्यात खारीच्या केसांचे बारीक ब्रश. सगळ्यात बारीक ब्रशाला तीन-चार केस असतील. तो टेकवण्याआधी ते श्वास सोडत आणि मग घेतच नसत. आम्हीही घेत नसू. एक अक्षर झालं की सगळं घर एकदम उसासा टाके.

एकदा आत्याबाईंनी विचारलं, “एवढं बारीक काय लिवतोस रे?”

“पाय देऊ नये.”

“आँ?”

“पंखाच्या ह्या पट्ट्यावर इंग्रजीत तसं लिहितात. तिथला पत्रा पातळ असतो. माणूस उभा राहिला तर वाकतो.”

पत्र्याचं आत्याबाईंनी ऐकलंच नाही. आमच्याकडे कशाकशाला पाय लावायचा नाही हे ठरलेलं आहे. पुस्तकाला, धान्याला, केरसुणीला. चुकून लागलाच तर वाकून नमस्कार करायचा. आणि ह्या वस्तूवर तर सरकारनंच स्वतः लिहून दिलंय, की पाय देऊ नये. आत्याबाई उठल्या, हात धुऊन आल्या आणि लांबूनच विमानाला हात जोडले. मला गंमत वाटली. त्यातून पुढं काय होणार आहे हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी भावजींनी नाकावर शेवटचा हात दिला आणि विमान माजघरात वाळत ठेवून ते केस कापायला गेले. हे सोसायटीत. माझी सकाळची शाळा. अकराच्या सुमारास मी घरी आले आणि माजघराच्या दारातच थांबले.

विमान पाटावर होतं. पाटाभोवती रांगोळी. पुढ्यात गुळाचा खडा. दोन्ही पंखांवर अक्षता. आणि नाकावर, ओल्या चंदेरी रंगावर, हळद आणि तिच्यावर ठसठशीत कुंकू. एक मुंगी गुळाकडे निघाली होती. तिनं पंखावरून वाट काढली होती आणि आता ती पाय रोवून पंखावरच उभी होती.

आत्याबाई समाधानानं वाती वळत बसल्या होत्या. म्हणाल्या, “उद्या एवढ्या मोठ्या कामाला निघालंय. तसंच कसं धाडायचं?”

भावजी आले. केस कापल्यामुळे कान मोठे दिसत होते. ते विमानासमोर उकिडवे बसले आणि बराच वेळ बसून राहिले. मग सुई मागितली. एकेक अक्षत सुईनं उचलली. मुंगीलाही उचललं, आणि तिला मी उचललं नसतं इतक्या जपून उचललं. पंखांवरचा रंगही अजून कच्चा होता, तांदळाच्या जागी बारीक खळगे उरले. कुंकू मात्र रंगात मुरलं होतं, आठ आण्याच्या नाण्याएवढं.

“काही हरकत नाही,” मी म्हणाले. “पाव डबा शिल्लक आहे.” मी डबा आणला, झाकण उघडलं. आत काही नव्हतं. कडेला लागलेला रंग तेवढा.

माझा हिशेब चुकत नाही. मी विमान उचललं आणि उलटं केलं.

पोट लखलखत होतं. दोन हात. पंखांच्या खालून गोलं काढलेली, मधोमध झडपांच्या रेघा, आणि तांदळाच्या दाण्यात मावतील अशा अक्षरांच्या ओळीच्या ओळी.

“भावजी, अकरावी ओळ वाचली नव्हती का?”

“वाचली होती.”

“मग?”

त्यांनी विमान माझ्या हातातून घेऊन सरळ केलं आणि पाटावर ठेवलं.

“उद्या तिथं कोण वाकून पोट बघणार आहे? नाक बघतील. आणि नाकाला रंग नाही.”

“पोट राहिलं असतं तर ते विमान झालं नसतं, वहिनी,” ते म्हणाले आणि काडीनं डब्याच्या कडेचा रंग खरवडू लागले. तेवढ्यात पंखांवरचे खळगे भरले. कुंकवाला काही उरलं नाही. आत्याबाईंनी वाती बाजूला सारल्या. आता म्हणाल्या, “माज्या कुंकवानं काय बिघडलं, म्हंते मी.” संध्याकाळची आमटी मी मुद्दाम दणदणीत फोडणी देऊन केली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही तिघं निघालो. विमान आंब्याच्या करंडीत, पेंढ्यात, वर जुनं धोतर. करंडी भावजींच्या मांडीवर. पहिल्याच गाडीत कंडक्टरनं बजावलं की कोंबड्या असतील तर टपावर. भावजींनी धोतराचं टोक उचललं. कंडक्टरनं आत बघितलं, तिकिटं फाडायची थांबवली आणि खिडकीशी बसलेल्या एका पागोटेवाल्याला उठवून म्हणाला, “बाबा, इकडं सरका. ह्यांना खिडकी द्या.” जणू ते मध्येच उडणार होतं. नगरच्या स्टँडवर गाडी बदलली तेव्हा तोच पागोटेवाला मागं मागं येऊन विचारू लागला, इमान कुठं निघालंय म्हणून. ह्यांनी सांगितलं, स्थळ बघायला. म्हातारा जरा विचारात पडला आणि म्हणाला, “कोनासाठी? त्याच्यासाठी?”

शिर्डीचं दर्शन कबूल केल्याप्रमाणे घेतलं आणि दुपारी बाराच्या आत मुलीच्या गावी पोचलो. अंगणात रांगोळी होती. मोठं गोल. भावजी ते ओलांडताना इतके लांबून गेले की जवळजवळ गोठ्यात शिरले.

मुलीच्या वडिलांनी राम राम घातला, पाणी दिलं, आणि ओट्यावर सतरंजी टाकली. ओट्यावरच. चहाही तिथंच आला. पोस्टकार्डातलं वाक्य मला पाठ होतं. ह्यांनाही असावं, कारण त्यांनी बशी हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली.

मुलीचे वडील म्हणजे दाराएवढा माणूस. गाडीत ह्यांनी मला सांगितलं होतं की आपण त्यांना पूर्वीही बघितलंय, काष्टीच्या बाजारात. बैल घ्यायला येतात. रंगवलेली शिंगं, गळ्यातली घुंगरं, पाठीवरची झूल, कशाकडे बघत नाहीत. सरळ खाली बसतात आणि बैलाच्या पोटाखाली हात घालतात. हे मी गाडीत ऐकलं आणि सोडून दिलं.

मी करंडी उघडली. विमान त्याच्या टेकूवर बसवलं आणि नाक भिंतीकडे येईल असं ठेवलं. म्हणाले, “आमच्या भावजींच्या कामाचा हा नमुना. ते असं काम करतात.”

मुलीचे वडील उठले, विमानाजवळ आले, खाली बसले. आणि त्यांनी विमान सरळ उचलून उलटं केलं.

मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. भावजींकडे तर नाहीच नाही.

त्यांनी अंगठा पोटावरून फिरवला. शेपटीपासून नाकापर्यंत, मग उलटा. पंखाखालच्या गोलांवर थांबवला. “पोटाला कशापायी रंग दिला, पाव्हणं?” ते म्हणाले. “हितं कोन बघतंय?”

माझंच वाक्य. मी सतरंजीची दशी पिळू लागले. मनात म्हटलं, आता भावजी म्हणणार, ‘रंग देतो,’ आणि आपण साडेतीनची गाडी धरणार.

भावजींनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, “विमान वर गेलं की खालच्या माणसाला पोटच दिसतं.”

“व्हय. मंग?”

“खाली आपल्याच तोफा असतात. ते वर बघतात. हे गोल दिसलं तर आपलं. नाही दिसलं तर पाडतात.” ते थांबले. मला वाटलं, झालं. पण ते पुढं बोलले. “लढाईत विमान यायचं तेव्हा पोट तेलानं आणि धुरानं काळं झालेलं असायचं. ते परत जायच्या आत पुसायचं, आणि पुसट झालेलं गोल भरायचं. खाली उताणं पडून. थंडीत रंग पसरत नाही. डबा पोटाशी धरून ऊब द्यावी लागते.”

“थंडी होती” म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं.

मुलीचे वडील विमान हातात धरून होते. “म्हंजी तुमचं गोल पुसट झालं,” ते सावकाश म्हणाले, “तर आत बसल्याला मानूस गेला.”

“हो.”

“आपल्याच मानसांच्या हातनं.”

“हो.”

“मंग किती गेले?”

“माझ्या गोलाचं एकही विमान नाही,” भावजी म्हणाले.

आतून येणारा भांड्यांचा आवाज थांबला होता. मुलगी कपबशा न्यायला बाहेर आली होती, ती वडिलांच्या मागं उभी होती, आणि कपबशा तशाच होत्या. ती वाकून विमानाच्या कडेचं गोल बघत होती. मग वडिलांना म्हणाली, “आबा, हे गोल गोल न्हाई.”

मी करंडीतलं धोतर जवळ ओढलं.

“अंड्यावानी हाय,” ती म्हणाली. “ह्या फुगीर जागेवर नीट गोल काढलं असतं, तर कडेनं चेपल्यावानी दिसलं असतं. म्हनून मुद्दाम वाढवलंय. लांबनं बघा, गोल दिसतंय.”

वडिलांनी विमान हातभर लांब धरलं, एक डोळा मिटला, आणि “व्हय की” म्हणाले.

भावजींनी पहिल्यांदाच मान वर केली. “तुम्हाला कसं कळलं?”

आता ती त्यांच्याशी बोलली. “आमच्या अंगनाला उतार हाय. नीट गोल काढलं तर दारातनं चपटं दिसतं. म्हनून मी उताराच्या बाजूला चार बोटं वाढवते.”

भावजी अंगणाकडे बघू लागले. ज्या गोलासाठी त्यांनी मला तीनदा अडवलं होतं, ते गोल नव्हतंच. त्यांचा चेहरा असा झाला की मला हसू आवरेना, आणि तेवढ्यात तिनं विमान वडिलांच्या हातातून घेऊन सरळ केलं. नाक उजेडात आलं.

“आनि हे कुंकू ओल्या रंगावर लावलंय,” ती म्हणाली.

“आईनं,” भावजी म्हणाले. “पंखावर पाय देऊ नये असं लिहिलंय ना. म्हणून.”

ती आधी गप्प राहायचा प्रयत्न करत होती. मग हसली. मग तिचे वडील हसले, आणि तो माणूस हसतो तेव्हा ओट्याची फरशी हलते. विमान मुलीच्या हातात होतं म्हणून बरं. हसून झाल्यावर ते उठले, धोतर झटकलं, आणि घराच्या दाराकडे हात केला. “आत चला. जेवून जावा.”

मुलगी बघायला गेलेल्यांना चहा-पोहे मिळतात. पानावर बसवतात ते ठरलेल्या सोयरिकीला. हे त्यांना माहीत होतं आणि आम्हालाही. तरी आमच्या ह्यांनी घड्याळ बघून सुरुवात केलीच, की साडेतीनची एस.टी. आहे आणि नंतर मग... मी त्यांचा हात दाबला आणि म्हणाले, “संध्याकाळी आणखी एक गाडी असते.” अशी गाडी होती की नाही मला अजूनही ठाऊक नाही. बाराव्या ओळीनंतरची सगळी कामं मी त्या दिवशी मनातल्या मनात एका झटक्यात खोडली आणि उंबरा ओलांडला.

लग्न रजा संपायच्या आत झालं. जूनमध्ये ह्यांनी छत्री उघडली आणि ती एका बाजूनं गळ्यात आली. तेव्हाही घरात लग्नातले लाडू शिल्लक होते, म्हणून निभावलं. भावजी आणि माझी जाऊ बदलीच्या गावांना हिंडत राहिले, विमान मात्र आमच्याकडेच, माजघरातल्या फळीवर. दर दसऱ्याला आत्याबाई त्याला कुंकू लावत, नेमकं त्याच जागी. नवं कुंकू पुसलं जाई. खालचं पहिलं राही.

जाऊ घरात आल्यावर पहिल्या आठवड्यात तिला खिळ्याला ती यादी दिसली. सगळ्या ओळी खोडलेल्या, एक सोडून. तिनं अकरावी ओळ वाचली, फळीवरचं विमान उलटं करून बघितलं, आणि विचारलं की ताई, एवढ्यासाठी कागद कशाला ठेवलाय, मारा काट आणि टाका चुलीत.

मी म्हणाले, माझ्या यादीवर काट काम झालं की बसते. हे काम झालेलंच नाही.